लिफ्टमनचा जिना

३ जानेवारी

विहीणबाई यांस सप्रेम नमस्कार.

अक्षर हललेलं दिसेल. ते आनंदानं हललंय, तब्येतीनं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपण आजी-आजोबा होणार! तुम्हाला दादूनं कळवलं असेलच. मला चिऊनं काल कळवलं. पोरीनं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो फोनच्या काचेसमोर धरला. मी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग शेजारच्या शिंप्याला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतलं. एवढी मोठी गोष्ट एकट्याच्या भरवशावर कशी खरी मानायची?

फोन तुमच्यामाझ्या कामाचा नाही. तुमचे कान इस्पितळाच्या लाँड्रीतल्या यंत्रांनी खाल्ले, माझे वयानं. लग्नानंतर आपण एकदाच फोनवर बोललो, त्यात दोघंही नुसतं 'काय? काय?' करत होतो. म्हणून हे पत्र.

आता मुद्दा. चिऊची आई नाही, तुमचे यजमान नाहीत. दोन्ही घरांत मोठं माणूस म्हणून एकेकच शिल्लक. बाळ मे महिन्यात येणार, त्याआधी एकानं त्यांच्याकडे जाऊन राहायचं. पण त्यांच्याकडे जास्तीची खाट एकच. चिऊ म्हणते, कोण येणार ते तुम्ही दोघं आपसात ठरवा. तिच्या अटी दोन आहेत. एक, घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तेव्हा जिना चढता-उतरता आला पाहिजे. दोन, बाळ जमिनीवर खेळणार, तेव्हा खाली बसून आपलं आपण उठता आलं पाहिजे.

लिफ्टमनच्या मुलीनं लिफ्ट नसलेलं घर घ्यावं, याला काय म्हणायचं ते म्हणा. उभा जन्म मी विमा कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून माणसं वर नेली. जिन्याशी माझा संबंध नमस्कारापुरता.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुमची कशी आहे? अगदी खरं सांगा. लाँड्रीत ओल्या चादरी उचलून उचलून काही त्रास उरला असेल तर लपवू नका. अशा वेळी तुम्ही दगदग करावी असं मला मुळीच वाटत नाही. तुमच्यासाठीच म्हणतोय.

आपला,
चिऊचा बाबा

ता.क. लवकर लिहा. मला झोप लागत नाही.


११ जानेवारी

व्याह्यांना नमस्कार.

माझी एवढी काळजी तुम्ही आजवर कधी केली नव्हती. वाचून भरून आलं. डोळे पुसले आणि हसले.

बातमी मला तुमच्या आधी कळली. किती आधी ते सांगत नाही, उगीच तुमची झोप आणखी उडायची.

मी जाणार हे ठरल्यासारखंच आहे. पोरं कशी धरायची, कशी न्हाऊ घालायची, हे पुरुषमाणसाला काय ठाऊक? तुम्ही लिफ्टचं दार बरोबर लावाल, पण लंगोट? माझी तब्येत उत्तम आहे. रोज संध्याकाळी मी पाण्यात असते. आमच्याकडे पोहण्याचा तलाव आहे, तिथे आमचं बायकांचं टोळकं जमतं. पाण्यात चालतो, पाय उडवतो, वळतो, वाकतो. मास्तर काठावरून ओरडतो, ते आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही.

तुमचं 'ठणठणीत' मात्र मला जरा खणखणीत वाटलं. गेल्या वेळी तुम्ही आमच्या दारापर्यंत आलात आणि गाडीतून उतरलाच नाहीत. 'घाईत आहे' म्हणालात. दार उघडून एक पाय बाहेर काढलात, तोंड वाकडं केलंत आणि पाय परत आत घेतलात. मी खिडकीत होते.

दादूची आई


२० जानेवारी

विहीणबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जीव टांगणीला लागला. तुम्ही पोहता? या वयात? पाण्यात पाय घसरला तर? आणि मास्तरचं ऐकू येत नसताना? जपा बरं. दुसरं काही नाही.

गाडीतून उतरलो नाही ते खरंच घाईत होतो म्हणून.

एका वेगळ्याच गोष्टीत तुमचा सल्ला हवा आहे. माझा एक मित्र आहे. तोही लिफ्टमनच होता. त्याचे गुडघे दुखतात, उजवा जास्त. आम्हा लिफ्टमन लोकांची दृष्टी सगळी तारेवर. लिफ्ट ज्या तारेला लोंबते ती प्रत्येक फेरीला थोडी झिजते. तपासनीस येऊन बघायचा आणि म्हणायचा, हिचं आयुष्य संपत आलं, बदला. त्यावरून माझ्या मित्रानं असं धरलं की देवानं गुडघ्यालाही ठरावीकच फेऱ्या दिल्यात. म्हणून दुखायला लागल्यापासून तो फेऱ्या वाचवतो. भाजी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर घेतो. खुर्चीतून उठायचं तर आधी सगळी कामं साठवतो आणि एकदाच उठतो. फोनवर मुलीला कळत नाही, कारण फोनमध्ये नुसता चेहरा दिसतो आणि चेहऱ्याला गुडघे नसतात.

एवढं जपूनही गुडघ्यानं दगाच दिला. अलीकडे तर खुर्चीतून उठणंही जड झालं. शेवटी शिंप्यानं त्याला ढकलत इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले संधिवात आहे, वयाचा. गोळ्यांवरच अवलंबून राहू नका, खालच्या मजल्यावर व्यायामबाईंकडे जा. मित्र हबकला. गुडघा झिजलाय म्हणता आणि वर व्यायाम? म्हणजे तुटत आलेल्या तारेवर जास्तीची माणसं!

व्यायामबाई त्याच्या मुलीएवढी. त्यानं तिला तारेचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काका, तार निर्जीव असते, झिजली की झिजली. गुडघा जिवंत आहे. हलला की त्याला आतून खाणंपिणं मिळतं. आणि त्याला धरून ठेवते ती मांडी. ती तुम्ही बसून बसून पार लेचीपेची करून टाकलीत."

"पण उठताना कटकट वाजतं त्याचं काय?"

"वाजू द्या. दार वाजतं म्हणून कुणी घरात जायचं सोडतं का?"

मग तिनं त्याला खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. उठला कसाबसा. 'आता बसा. धपकन नको, सावकाश. पुन्हा.' हे रोज करायचं म्हणे. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं तर बेत बरोबर. वाढून बसलं तर कमी करायचं, पण बंद करायचं नाही.

तुम्हाला काय वाटतं? मित्रानं ऐकावं का? तो फार काळजीत आहे.

आपला,
चिऊचा बाबा


३० जानेवारी

व्याही,

तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. त्याचा स्वभाव अगदी तुमच्यासारखाच दिसतो.

त्याला म्हणावं, बाई सांगते ते कर. आणि भाजी दोरीनं वर ओढतोस ती उतरून आणायला लाग. आधी एखाद्या दिवशी, मग रोज. पोट सुटलं असेल तर थोडं कमी कर, तो भार गुडघाच वाहतो. आणि तो काठी घेत असेल तर विचारा, कुठल्या हातात धरतो? नव्वद टक्के माणसं दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. काठी दुसऱ्या हातात हवी. आमच्या तलावावर एक मास्तरीणबाई येते, ती वर्षभर चुकीच्या हातात धरून लंगडत होती.

आता मीही एक विचारते. माझी एक मैत्रीण आहे. लाँड्रीतलीच. तिची कंबर धरते. कधीकाळी कुणी तिला सांगितलं, 'वाकू नकोस.' तेव्हापासून ती कांजी घातलेल्या चादरीसारखी उभी. पडलेला चमचा पायाच्या बोटांनी उचलते. कमरेला पट्टा, झोपायला फळी. अशा बाईनं बाळाला जमिनीवरून उचलायचं म्हटलं तर जमेल का हो? नुसतं विचारते.

दादूची आई


१६ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार!

बसून लिहीत नाही. उभ्यानं लिहितोय, पेटीवर कागद ठेवून! वाटलं म्हणून उभा राहिलो, मला कोण अडवणार?

तुमच्या मित्राची, म्हणजे माझ्या मित्राची, हकिगत सांगतो. काठीचा हात बदलला. पहिल्या दिवशी काठी, पाय आणि डोकं तिघं तीन वाटांनी गेले. शिंपी म्हणाला, "काका, नाचताय का?" पण चार पावलांत फरक! गुडघ्यावरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं. इतकी वर्षं काठी होती आणि हात चुकीचा होता, म्हणजे बघा.

दोरीची पिशवी सोडून टाकली. भाजीवालीनं वर बघत हाका मारल्या, 'पिशवी सोडा, पिशवी!' आणि मी तिच्या मागून म्हटलं, 'आज पिशवीबरोबर मालकही आलाय.' तिच्या हातातलं वजन पडलं.

जिन्याचा मंत्र असा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा सोडायचा नाही. उतरणं जास्त अवघड. लिफ्टमध्ये उलट असतं, खाली येताना कसलीच तोशीस नाही. बाईंनी खालच्या पायरीवर चढ-उतर करायला लावलं आहे. सकाळी गुडघा कडक असतो, तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतो आणि मग सुरू. एक दिवस अति केलं, दोन दिवस गुडघा रुसला. मी घाबरून पुन्हा खुर्चीत. बाईंनी शिंप्याकरवी निरोप धाडला, 'रुसला तर समजूत घाला, पण घराबाहेर काढू नका.' पुन्हा लागलो.

आणि आता गंमत. गव्हाच्या पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळली. बाळाएवढी दिसते. ती छातीशी धरून जमिनीवरून उठायचा सराव चालू आहे. परवा उठता उठता गाठ सुटली आणि मी वरपासून खालपर्यंत पांढरा. नेमका तेव्हाच शिंपी आत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, बाळ कुठंय?"

तुमच्या मैत्रिणीचं कळवा. तिला वाकायला भीती वाटते की दुखतं? दोन्ही वेगळं असतं, असं बाई म्हणतात.

आपला,
चिऊचा बाबा


२७ फेब्रुवारी

व्याही,

तुमच्या पत्रात मित्र भाजीवालीपर्यंत आला आणि तिथून नाहीसा झाला. पुढे गुडघाही तुमचा, पिठाची पिशवीही तुमची. मित्र घरी पोचला ना सुखरूप?

असू द्या. माझी मैत्रीणही मीच. तुम्ही हे ओळखलंत आणि बोलला नाहीत, की ओळखलंच नाहीत? तुमच्या बाबतीत सांगता येत नाही.

पाण्यात मी पोहत नाही. मला पोहता येत नाही. छातीभर पाण्यात नुसती चालते. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, म्हणून पहिल्यांदा वाकायचं धाडस तिथेच झालं. मास्तरनं एक रबरी चेंडू गुडघ्याएवढ्या पाण्यात टाकला आणि खुणेनं सांगितलं, उचला. मी उभी. बाकीच्या बायका बघताहेत. वाटलं, आता कंबरेत काहीतरी कडाडणार. वाकले. काहीच कडाडलं नाही! चेंडू हातात घेऊन मी लहान पोरीसारखी ओरडले. ऐकू आलं असेल ते फक्त मास्तरला.

आता घरी हळूहळू वाकते. पट्टा खुंटीवर गेला. सकाळ-संध्याकाळ चालते. दुखतं, पण आता ते मला भिववत नाही, नुसतं दुखतं.

तर मग लढत सरळ होऊ दे. एप्रिलअखेर दोघांनी परीक्षा द्यायची. चार मजले चढायचे, उतरायचे, आणि पिठाची पिशवी घेऊन जमिनीवरून उठायचं. तुमचा साक्षीदार शिंपी, माझा साक्षीदार मास्तर. जो चांगला उठेल तो जाईल. दोघंही उठलो तर खाट कुणाची ते तेव्हा भांडू.

मला जिंकायचं आहे, आत्ताच सांगते. दादू लहान असताना मी दोन पाळ्या करायची. त्याचं रांगणं शेजारणीनं बघितलं. हे रांगणं मी बघणार.

दादूची आई


१० मार्च

विहीणबाई,

लढत मंजूर! पण मीही सांगतो. चिऊची आई असती तर ती गेली असती, मी खुर्चीतून हललोही नसतो. आता तिच्या वाटचंही मलाच जायचं आहे. तेव्हा सवलत मागू नका, मी देणार नाही.

नियमात मात्र एक बदल. व्यायामबाईंना मी मोठ्या ऐटीत पिठाची पिशवी दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, बाळ हातात घेऊन जमिनीवरून उठायचं तुम्हाला सांगितलं कुणी? आधी बाळ खाटेवर ठेवायचं, मग स्वतः उठायचं. बाळाला घाई नसते, घाई आजोबांना असते." महिनाभर मी पिठाला घेऊन उठतोय! तुम्हीही तेच करत असाल तर थांबवा. दोन्ही घरांत मिळून एवढी अक्कल, आणि सांभाळणार बाळ!

उठायची खरी रीत अशी. कुशीवर व्हायचं, मग चारी पायांवर, म्हणजे रांगायच्या बेतात. मग चांगला पाय पुढे, हात खुर्चीवर, आणि वर. मी काल तीनदा केलं. चौथ्यांदा शिंप्याला दाखवायला केलं. पाचव्यांदा त्याच्या बायकोला.

गुडघ्यांचा फोटो तसाच आहे म्हणे, हाड काही नवं उगवलेलं नाही. पण मांडीला हात लावून बघतो तर आत काहीतरी आहे! पट्ट्याला आतल्या बाजूनं नवं भोक पाडलं. शिंप्यानं विजार आत घेतली आणि म्हणाला, "आता पुन्हा सुटू नका, शिवण पुरणार नाही."

काळजी एकच. तुम्ही जोरात आहात.

आपला,
चिऊचा बाबा


९ एप्रिल

व्याही,

पडून लिहितेय, ओळी वर चढतील. परवा धुण्याची बादली उचलायला वाकले आणि कंबर धरली. श्वास अडकला. शेजारणीनं खाटेवर घातलं. डॉक्टर येऊन गेले, पाय हलवून बघितले, म्हणाले ताकद आहे, काही तुटलेलं नाही. पण मला माहीत आहे. हे सगळं वाकण्यानं झालं. मी उगाच शहाणपण केलं. पट्टा पुन्हा बांधला आहे.

तुम्ही जा. खाट तुमची. पोरांना मी अजून कळवलं नाही, तुम्हीच सांगा.

दादूची आई


१४ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात होतो. तिथेच पायरीवर बसून वाचलं. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगत नाही, पण ते आलं, आणि मग मला माझीच लाज वाटली. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. 'विश्रांती घ्या, मी जातो' एवढं लिहिलं असतं तर सगळं संपलं असतं. तो कागद फाडला.

आता माझं ऐका. व्यायामाचं मला कळतं ते उसनं आहे. पण लिफ्टचं माझं स्वतःचं आहे.

लिफ्ट कधीकधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची. आतली माणसं पांढरीफटक व्हायची. सगळ्यांना वाटायचं, तार तुटली, आता खाली जाणार. बाया रडायच्या, मोठे साहेब देवाचं नाव घ्यायचे. पण विहीणबाई, अडकलेली लिफ्ट म्हणजे पडणारी लिफ्ट नव्हे. दोन्ही बाजूंना चिमटे असतात. जरा काही वावगं वाटलं की ते रूळ घट्ट पकडतात. पडू नये म्हणूनच ती अडकते. पकडीचा आवाज फार भयंकर येतो, पण तो वाचवणाऱ्याचा आवाज असतो. पुष्कळदा तर काहीच बिघडलेलं नसायचं, चिमटेच घाबरट.

तुमच्या कंबरेचं हेच झालंय. मी धावत व्यायामबाईंकडे गेलो (धावत म्हणजे माझ्या परीनं) आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, अगदी असंच. स्नायूंनी घाबरून पकडून धरलंय. डॉक्टरांनी बघितलंय, पायात ताकद आहे, तर आता पडून राहायचं नाही. जितकं पडाल तितकी पकड घट्ट." पाय बधिर झाले, ताकद गेली किंवा लघवीचं काही बिघडलं, तर मात्र लगेच डॉक्टर, हेही त्यांनी तुम्हाला लिहायला सांगितलं आहे.

अशा वेळी मी काय करायचो माहीत आहे? दार बडवायचो नाही. लोकांना म्हणायचो, 'शांत राहा, मी आहे.' मग हळूहळू, बोटभर बोटभर, लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणायचो. वरच्या नाही, जवळच्या.

तुमचा जवळचा मजला म्हणजे खिडकी. आज खाटेवरून खिडकीपर्यंत जा. शेकून घ्या आणि जा. उद्या दारापर्यंत. मग जिन्याच्या तोंडापर्यंत. मग तलाव. आणि वाकण्यानं झालं असं म्हणू नका. महिनाभर तुम्ही शेकडो वेळा वाकल्या असाल, तेव्हा काय झालं? दिवस वाईट होता, बादली जड होती, एवढंच.

मला जिंकायचंच आहे. पण समोर कुणी उभं असताना. तुम्ही आडव्या झालात म्हणून खाट माझी, असली खाट मला टोचेल.

लवकर लिहा. दोन ओळी लिहा. नुसतं 'खिडकी' लिहिलंत तरी चालेल.

आपला,
चिऊचा बाबा


२२ एप्रिल

व्याही,

खिडकी. दार. जिन्याचं तोंड.

तुमचं पत्र शेजारणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, चष्मा हाताशी नव्हता. चिमट्यांपाशी आल्यावर ती म्हणाली, 'हे गृहस्थ डॉक्टर आहेत का?' मी म्हटलं, 'नाही, पण यांनी पुष्कळ अडकलेली माणसं बाहेर काढलीत.'

पहिल्या दिवशी खिडकीशी जाताना घाम फुटला. तिथे उभी राहिले आणि स्वतःला म्हटलं, शांत राहा, मी आहे. पट्टा परवा सोडला. काल तलावावर गेले. बायकांनी पाण्यात कोंडाळं केलं आणि मास्तर आनंदानं काय ओरडला ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

पण परीक्षेचा दिवस जवळ आला आहे आणि चार मजले माझ्यानं इतक्यात होणार नाहीत. हे रडून सांगत नाही. जिंकलात तुम्ही, आणि समोर मी उभी आहे. निघा आता. लंगोट तिकोनी घालायचा असतो, चौकोनी नाही.

दादूची आई


२४ मे

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

मुलगी! तुम्हाला फोटो मिळालाच असेल, पण फोटोत ती जांभई देत नाही. जांभई दिली की अख्खं तोंड नाहीसं होतं, नुसती जांभई उरते. नाक तुमचं आहे. मला ते मान्य करायला दोन दिवस लागले.

सगळं नीट आहे. चिऊ बरी आहे. तुमचा दादू रात्री जागतो आणि दिवसा उभ्याउभ्या झोपतो.

चार मजले मी चढलो! काठी एका हातात, कठडा दुसऱ्या हातात, चांगला पाय आधी. प्रत्येक वळणावर थांबलो, कुणी बघत असेल तर खिडकीबाहेरचा देखावा बघतोय असं दाखवलं. चिऊ वरून खाली धावत येऊन रडत होती, "बाबा, तुम्ही गाडीतूनसुद्धा उतरत नव्हता!" म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. चेहऱ्याला गुडघे नसतात, पण लेकीला डोळे असतात.

काल दुपारी मी नातीशेजारी सतरंजीवर आडवा झालो. तिनं माझं बोट धरलं. मग ती रडायला लागली आणि घरात दुसरं कुणीच जागं नव्हतं. मी तिला आधी बसक्या खाटेवर ठेवलं. मग कुशीवर, मग रांगत्या बेतात, मग चांगला पाय, मग खुर्ची, आणि वर! गुडघा कडकडला. ती रडायची थांबली आणि आवाज कुठून आला ते बघायला लागली. आता तिला शांत करायचं असेल तर मी गुडघा वाजवतो.

आता नीट वाचा. मी खाटेवर झोपत नाही. बाळाच्या खोलीत सतरंजी घातली आहे. खाली झोपतो आणि रोज सकाळी उठतो, हाच माझा व्यायाम. चिऊनं आधी डोळे वटारले, मग मला उठताना पाहिलं आणि उशी आणून दिली. म्हणजे खाट रिकामी आहे. खाट तुमची.

चार मजल्यांचं काय, असं म्हणाल. त्याची सोय झाली आहे. दर मजल्याच्या वळणावर मी शेजाऱ्यांकडून मागून एकेक स्टूल ठेवलं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं माझ्या लिफ्टमधल्या स्टुलासारखंच आहे, त्यावर मी स्वतः बसून खात्री केली. या इमारतीत घाई कुणालाच नाही. एका मजल्याला अर्धा तास लागला तर लागला. वाटलं तर एका दिवसात दोन मजले चढू, दुसऱ्या मजल्यावरची बाई चांगली आहे, मुक्कामाला ठेवील.

आणि मी वर वाट बघत बसणार नाही. उतरणं मला अजूनही जड जातं, तुम्हाला माहीत आहे. तरी मी खाली येणार. लिफ्टमनची जुनी टोपी पेटीतून काढून ठेवली आहे. गाडीचं दार मी उघडीन, पिशवी मी घेईन, आणि तुमच्यापुढे एक पायरी राहून प्रत्येक मजला पुकारीन, आयुष्यभर पुकारला तसा. पहिला मजला, बसा. दुसरा मजला, पाणी प्या. तिसरा मजला, आता रडण्याचा आवाज ऐकू येईल, तुम्हालासुद्धा.

रांगायला अजून अवकाश आहे. त्याआधी तुम्ही पोचता. येण्याचा दिवस तेवढा कळवा.

वर जाणार, वर! जागा आहे!

आपला,
लिफ्टमन